गाडीचा ब्रेक : चकती आणि पॅड

आपल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत आता गावोगाव गाड्या झाल्या आहेत. डहाणू रोड स्टेशनात रेल्वे आली, की बाहेर जीप, इको आणि रिक्षा उभ्याच असतात. कोणी आशागड, गंजाडला जातो. कोणी कासा, चारोटीला जातो. तलासरीहून माणसे पहाटे गाडीत बसतात आणि उंबरगाव, वापीकडे कामाला जातात. घोलवड-बोर्डीचा चिकू टेंपोत भरून बाजाराला जातो. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा तर रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली असते.

या गाड्या कोण चालवतो? आपलीच मुले चालवतात. कोणी कर्ज काढून गाडी घेतो. कोणी दुसऱ्याची गाडी रोजाने चालवतो. आणि गाडीत बसतो कोण? आपलीच माणसे. बाजाराला निघालेली आई असते. दवाखान्यात निघालेली गरोदर लेक असते. शाळेची पोरे असतात.

गाडी सुरू झाली नाही, तर फार तर एक दिवसाची कमाई बुडते. पण गाडी थांबली नाही, तर माणसे जातात. म्हणून या धड्यात आम्ही ब्रेकची माहिती देत आहोत. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी हा धडा वाचावा. ज्यांच्याकडे नाही, त्यांनीही वाचावा. गाडीत बसणाऱ्याचा जीवही ब्रेकवरच असतो, नाही का?

ब्रेक काय करतो?

आधी एक गंमत करून पाहा. दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासा. काय झाले? हात गरम झाले. घासले, की ऊब येते. थंडीत आपण असेच करतो.

आता सायकल आठवा. सायकलचा ब्रेक दाबला, की रबराचे दोन तुकडे चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी धरतात. रबर रिमवर घासते. चाक मंद होते आणि थांबते. उतारावरून सायकल थांबवली, की रबराला हात लावून पाहा. ते गरम लागते. म्हणजे सायकलचा वेग गेला कुठे? त्याची उष्णता झाली.

मोटारगाडीचा ब्रेकही हेच काम करतो. वेगाची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. गाडी जड असते, वेग जास्त असतो, म्हणून उष्णताही फार होते. ती सोसण्यासाठी मजबूत सामान लागते.

चकती, पॅड आणि कॅलिपर

पुष्कळ छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना चकतीचा ब्रेक असतो. मागच्या चाकांना बहुतेक ड्रमचा ब्रेक असतो. काही गाड्यांना चारही चाकांना चकत्या असतात. आजकाल मोटारसायकललाही पुढे चकती असते, ती तुम्ही पाहिली असेल. ती भोकाभोकांची, चकाकणारी लोखंडी थाळी.

चकतीच्या ब्रेकचे तीन मुख्य भाग आहेत.

पहिला भाग चकती. मिस्त्री तिला डिस्क म्हणतात. मोटारीची चकती बिडाची असते. ती चाकाबरोबर फिरते.

दुसरा भाग पॅड. पॅड म्हणजे एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला कडक मसाल्याचा थर. हा थर चकतीवर घासतो. सायकलच्या रबराचे जे काम, तेच मोटारीत पॅडचे काम. एका चाकाला दोन पॅड असतात. एक चकतीच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला.

तिसरा भाग कॅलिपर. हा चिमट्यासारखा असतो. चुलीवरचे भांडे आपण सांडशीने दोन्ही बाजूंनी धरतो, तसा कॅलिपर पॅडच्या जोडीने चकतीला धरतो. कॅलिपरमध्ये पिस्टन असतो. तो पुढे सरकतो आणि पॅडला दाबतो.

पण ड्रायव्हरचा पाय तर पेडलवर असतो. मग पिस्टन कसा सरकतो? त्याचे कारण ब्रेक ऑइल. पेडलपासून चाकापर्यंत बारीक नळ्या असतात. त्यांत ब्रेक ऑइल भरलेले असते. बंद नळीतल्या तेलावर एका टोकाला दाब दिला, की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम फ्रान्स देशातल्या पास्कल नावाच्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितला. आपल्या पायाचा दाब या तेलातून चारही चाकांना पोचतो.

चकतीच्या ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या लँचेस्टर नावाच्या इंजिनियरने १९०२ साली तिचा हक्क नोंदवला. पण ती लगेच सगळीकडे आली नाही. १९५३ साली फ्रान्समध्ये ल मां या गावच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चकतीच्या ब्रेकची जग्वार मोटार पहिली आली. त्यानंतर मोटारी बनवणाऱ्यांचे लक्ष या ब्रेककडे लागले. याचा मोठा गुण असा, की चकती उघडी असते. तिला वारा लागतो. म्हणून ती लवकर थंड होते.

वेग दुप्पट, अंतर चौपट

आता थोडे गणित करू. घाबरू नका, सोपे आहे.

गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. पुढे अचानक बैल आडवा आला. ड्रायव्हरला बैल दिसला. पाय उचलून ब्रेकवर जायला त्याला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेली. मग ब्रेक लागला. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगला असेल, तर गाडी आणखी ९ मीटरवर थांबते. एकूण २० मीटर झाले.

आता वेग ताशी ८० धरू. एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर थांबायला ९ च्या दुप्पट १८ मीटर लागतील, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. ३६ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, की ब्रेकचे अंतर चौपट होते. एकूण ५८ मीटर झाले.

कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. म्हणजे ४० च्या वेगाला दीड मैदान लागते. ८० च्या वेगाला साडेचार मैदाने लागतात! हे झाले कोरड्या रस्त्याचे आणि चांगल्या ब्रेकचे. पावसात रस्ता ओला असला, पॅड झिजलेले असले, गाडीत दुप्पट माणसे भरलेली असली, तर किती लागेल याचा विचार तुम्हीच करा.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्याच भागातून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ८ होता. आता तो ४८ आहे. या रस्त्यावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्याला धडकली. त्यात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले गृहस्थ मरण पावले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मोटार भारी किमतीची होती. तरीही असे झाले. म्हणून ब्रेक नीट ठेवा, वेग आवरा, आणि पुढे बसा की मागे बसा, पट्टा बांधा.

ब्रेक बोलतो, ते ऐका

पॅड घासते, म्हणून ते झिजतेच. चपलेचा तळ झिजतो तसेच आहे हे. त्यात कोणाचा दोष नाही. दोष कधी? झिजल्याचे कळूनही आपण गप्प बसलो, तर.

असे बोलणे आपण रोज गाडीत ऐकतो :

“अरे भाऊ, तुझी गाडी कशी किरकिर करते रे?”

“काही नाही मावशी, धूळ बसली असंल.”

“कालपण करत होती की.”

“बघू, जत्रा झाली की दाखवू मिस्त्रीला.”

या बोलण्यात मावशीचे बरोबर आहे. पुष्कळ पॅडना लोखंडाची एक बारीक जीभ बसवलेली असते. पॅड झिजून थोडेच उरले, की ती जीभ चकतीला लागते आणि किंचाळल्यासारखा बारीक आवाज होतो. तो आवाज मुद्दाम केलेला इशारा आहे. ‘मला बदला,’ असे पॅड सांगते.

ब्रेकचे इशारे असे ओळखा :

१. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी आली, तर पॅड संपत आले असण्याचा संभव आहे. लगेच पाहणी करा.

२. घरघर आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, तर पॅडचा मसाला संपला. आता लोखंडी पट्टीच चकती खाते आहे. गाडी त्याच दिवशी उभी करा.

३. ब्रेक दाबला, की गाडी एका बाजूला ओढते. मग एका चाकाचा कॅलिपर अडकला असेल, किंवा एका बाजूच्या पॅडला तेल लागले असेल.

४. पेडल पायाखाली थरथरते. मग चकती सगळीकडे सारखी जाड राहिलेली नाही, किंवा ती सरळ फिरत नाही.

५. पेडल स्पंजासारखे मऊ लागते. मग तेलाच्या नळीत हवा शिरली आहे.

६. पेडल हळूहळू खाली जात राहते. मग तेल कुठेतरी गळते आहे, किंवा पेडलकडचा तेलाचा पंप खराब झाला आहे. अशी गाडी चालवू नका. एक किलोमीटरसुद्धा नको.

७. एका चाकाजवळून जळल्याचा वास येतो आणि ते चाक इतरांपेक्षा जास्त तापते. मग पॅड चकतीला सोडत नाही.

महिन्यातून एकदा पाहणी

गाडी सपाट जागी, थंड असताना पाहा. नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या चकतीला हात लावू नका. हात भाजेल.

चाकाच्या फटीतून बॅटरीचा उजेड टाका. चकती दिसेल. तिला चिकटून पॅड दिसेल. लोखंडी पट्टी सोडून द्या. फक्त मसाल्याचा थर किती आहे ते पाहा. नवीन पॅडवर साधारण १० मिलिमीटरचा थर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला, की पॅड बदला. हे माप कसे ओळखायचे? एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा. त्यांची जाडी साधारण ३ मिलिमीटर होते. थर दोन नाण्यांएवढा दिसला, की वेळ झाली.

बाहेरचे पॅड चांगले दिसले, म्हणून खूश होऊ नका. आतले पॅड कधी कधी जास्त झिजते. ते बाहेरून दिसत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, चाक काढून दोन्ही पॅड पाहावेत.

चकतीही पाहा. तिच्यावर नखाला लागतील अशा खोल चऱ्या आहेत का? कडेला उंच काठ तयार झाला आहे का? तडा आहे का? तापून निळसर डाग पडले आहेत का? यांतले काही दिसले, तर मिस्त्रीला दाखवा. तडा गेलेली चकती तर लगेच बदलावी.

चकतीवर एक आकडा कोरलेला असतो. चकती कमीत कमी किती जाड असली पाहिजे, हे तो आकडा सांगतो. समजा, त्यावर २० मिलिमीटर लिहिले आहे आणि मोजल्यावर चकती १९ भरली. मग ती बदललीच पाहिजे. पातळ चकती लवकर तापते आणि तडकते. मिस्त्रीकडे माप घ्यायचे यंत्र असते. “आकडा काय आहे आणि माप काय भरले, दोन्ही दाखवा,” असे त्याला सांगा. आकडा तुम्हाला वाचता येतो. मग विचारायला लाजायचे कशाला?

खारा वारा, चिखल आणि घाट

आपल्या भागात ब्रेकला तीन त्रास आहेत.

पहिला त्रास खाऱ्या वाऱ्याचा. डहाणू, नरपड, चिखले, बोर्डी, झाई ही गावे समुद्राकाठी आहेत. खाऱ्या हवेत बीड लवकर गंजते. रात्रभर उभ्या गाडीच्या चकतीवर सकाळी तांबूस थर दिसतो. तो पातळ असेल तर काळजी नको. दोन-चार वेळा ब्रेक दाबला, की पुसला जातो. पण गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, की गंज खोल जातो. कॅलिपरच्या सरकत्या पिनाही गंजतात आणि अडकतात. उभी गाडी दर आठवड्याला थोडी फिरवावी. गाडी वाळूत, समुद्राच्या पाण्यात नेली असेल, तर घरी येऊन चाके आतून गोड्या पाण्याने धुवावीत.

दुसरा त्रास पावसाचा. जून ते सप्टेंबर रस्त्यावर चिखल आणि पाणी असते. पाण्यातून गाडी बाहेर आली, की पॅड ओले असतात. पहिल्यांदा दाबताना ब्रेक कमी धरतो. म्हणून पाण्यातून निघाल्यावर मागेपुढे पाहून, हळू चालवत, दोन-तीनदा ब्रेक हलका दाबा. उष्णतेने पाणी सुकते. आणि हे ध्यानात ठेवा : पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालूच नका. तिथे कोणताही ब्रेक कामाचा नाही.

तिसरा त्रास घाटाचा. जव्हारकडून भरलेली गाडी उतरते, तेव्हा ड्रायव्हर सारखा ब्रेकवर पाय ठेवतो. चकती आणि पॅड भयंकर तापतात. फार तापले, की पॅड चकतीवरून सटकते. पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. शिवाय जुन्या ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल एकदम खाली जाते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरते. ब्रेक अधूनमधून दाबायचा आणि सोडायचा.

काही जण तेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. काही तर इंजिनच बंद करतात. हे फार वाईट. इंजिनच्या मदतीने पेडल हलके चालते. इंजिन बंद झाले, की दोन-तीन दाबांत पेडल दगडासारखे कडक होते. वाचलेल्या दोन घोट डिझेलची किंमत मग जिवाने द्यावी लागते.

पॅड कसे बदलतात?

ब्रेकचे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. ज्याला ते शिकायचे असेल, त्याने मिस्त्रीच्या हाताखाली शिकावे. पण काम कसे होते, हे मालकाला आणि ड्रायव्हरला माहीत हवे. म्हणजे काम होताना त्याला पाहता येते. कामाचा क्रम असा आहे :

१. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करतात. हँडब्रेक ओढतात. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावतात.

२. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे सैल करतात. मग जॅक लावून गाडी उचलतात. गाडीखाली मजबूत घोडी ठेवतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक सटकतो.

३. चाक काढतात. इथे काळी भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकू नका. हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या प्रकारच्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ छातीत गेली, तर फुप्फुसाचे मोठे आजार होतात. भुकटी ओल्या फडक्याने पुसावी. नाकाला रुमाल बांधावा. फडके फेकून द्यावे आणि हात धुवावेत.

४. कॅलिपरचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलतात. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. नळी आतून फाटते. तारेने वर बांधून ठेवावा.

५. जुने पॅड काढतात. ते कोणत्या बाजूचे, कसे बसवलेले होते, ते नीट पाहतात. दोन्ही सारखे झिजले आहेत का? एक जास्त झिजले असेल, तर सरकत्या पिना अडकल्या आहेत. त्या साफ करून त्यांना ब्रेकसाठी मिळणारे खास ग्रीस लावतात. साधे ग्रीस लावू नये. ते उष्णतेने वितळते आणि रबर फुगवते.

६. नवीन पॅड जाड असते. त्याला जागा हवी, म्हणून पिस्टन हळूहळू आत दाबतात. तेव्हा तेल उलटे येऊन बॉनेटखालच्या डबीत चढते. डबी आधीच भरलेली असेल, तर तेल बाहेर सांडते. त्याने गाडीचा रंग उडतो. सांडले, तर लगेच पाण्याने धुवावे. पिस्टनचे रबर फाटले आहे का, तेल झिरपते आहे का, हेही तेव्हाच पाहतात.

७. नवीन पॅड बसवतात. पॅडच्या तोंडाला आणि चकतीला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागू देऊ नये. तेल लागलेले पॅड धरत नाही.

८. कॅलिपर बसवून बोल्ट घट्ट करतात. चाक बसवतात. चाकाचे नट एकाच बाजूने ओळीने आवळू नयेत. एक इकडचा, एक समोरचा, असे आळीपाळीने आवळावेत. गाडी खाली उतरवून पुन्हा पक्के करावेत.

९. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हापुन्हा दाबा. पिस्टन आत ढकललेला असतो. पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जाते आणि ब्रेक मुळीच लागत नाही. पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरून गाडी सुरू केली, तर ती गॅरेजच्या दारातच कोणावर तरी जाईल.

१०. शेवटी डबीतले तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा.

पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे बदलावेत. उजवे नवे आणि डावे जुने ठेवले, तर गाडी एका बाजूला ओढेल. एका बाजूचा खर्च वाचवायला जाऊ नका.

चकती कधी बदलतात?

चकती पॅडपेक्षा पुष्कळ जास्त दिवस टिकते. पण घरघर आवाज ऐकूनही कोणी गाडी चालवत राहिला, तर चकती थोड्याच दिवसांत वाया जाते. मग पॅडही घ्यायचे आणि चकत्याही घ्यायच्या. पॅडपेक्षा चकती महाग. म्हणजे वेळेवर पॅड बदलणारा माणूस पैसा वाचवतो.

चऱ्या फार खोल नसतील आणि चकती पुरेशी जाड असेल, तर ती लेथवर सारखी करून घेता येते. पण सारखी केल्यावरही जाडी कोरलेल्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. नाही तर नवीच घालावी.

नवीन चकतीवर गंज धरू नये म्हणून तेल लावलेले असते. बसवण्याआधी ते पुरते साफ करावे लागते. चकती ज्या जागी बसते, तिथला गंजही तारेच्या ब्रशने घासून काढतात. तिथे गंजाचा कण राहिला, तर चकती डुलते आणि पेडल थरथरते. नवीन चकतीबरोबर पॅडही नवेच घालावेत. जुने पॅड जुन्या चऱ्यांप्रमाणे झिजलेले असतात. ते नव्या चकतीला पुरते टेकत नाहीत.

नवीन पॅड पहिल्याच दिवशी पुरे धरत नाहीत. ते चकतीवर रुळावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या वेगाने जाऊन ब्रेक बेताने दाबावा आणि वेग १५-२० वर आणावा. मग थोडे अंतर ब्रेक न लावता जावे, म्हणजे चकती थंड होते. असे पंधरा-वीस वेळा करावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे. नव्या पॅडवर त्याच दिवशी भरलेली गाडी घाटात नेऊ नये.

ब्रेक ऑइल विसरू नका

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. पावसाळ्यात मीठ कसे पाणी सुटून ओले होते, तसेच हे. पाणी मिसळलेले तेल लवकर उकळते. डॉट ३ जातीचे नवे तेल २०५ अंशांच्या वर उकळते. तेच ओलावा प्यालेले असले, की १४० अंशांनाही उकळू शकते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलावे. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेले असते. तेच तेल घालावे. इंजिनचे तेल चुकूनही घालू नये. त्याने आतली सगळी रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. फोडून ठेवलेला जुना डबा वापरू नये.

डबीतले तेल कमी दिसले, तर नुसते भरून गप्प बसू नका. एक तर पॅड झिजले आहेत, किंवा तेल गळते आहे. कारण शोधा.

वाचता येते, त्याचा उपयोग करा

दुकानात पॅड घेताना खोका हातात घ्या आणि वाचा. कंपनीचे नाव काय? कोणत्या गाडीसाठी आहे? किंमत किती छापली आहे? अक्षरे फिकट, नावात चूक, खोका उघडलेला, असे असेल तर घेऊ नका. नकली माल स्वस्त असतो, पण तो वेळेला धरत नाही. पावती मागून घ्या. जुने पॅड मिस्त्रीकडून परत मागा. नवे घातले की नाही, याची तीच खूण.

एक छोटी वही गाडीत ठेवा. तिच्यात चार गोष्टी लिहा. तारीख, गाडीचे किलोमीटर, काय काम केले, किती पैसे लागले. पुढच्या वेळी कोणाला विचारावे लागणार नाही. वहीच सांगेल.

चालत्या गाडीचा ब्रेक गेलाच, तर घाबरू नका. पेडल भराभर दाबत राहा. एक-एक गिअर खाली आणा. हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नको. हॉर्न वाजवा आणि गाडी चढाच्या किंवा मातीच्या बाजूला घ्या. इंजिन बंद करू नका.

आणि गाडीत बसणाऱ्यांनो, तुमचेही काम आहे. गाडी गच्च भरली असेल, तर चढू नका. माणसे जितकी जास्त, तितके ब्रेकवर ओझे जास्त. आवाज ऐकू आला, तर ड्रायव्हरला सांगा. ड्रायव्हर भाऊंनो, मावशीने विचारले तर रागावू नका. जत्रा दर वर्षी येते. गाडी एक दिवस उभी राहिली, तर एक दिवसाची कमाई जाईल. ती दुसऱ्या दिवशी भरून काढता येते.

नवीन शब्द

बीड : ओतकामाचे लोखंड. पूर्वी याचे तवे, कढया होत.
चकती : चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी, डिस्क.
पॅड : चकतीवर घासणारा तुकडा.
कॅलिपर : पॅडची जोडी दाबणारा चिमटा.
पिस्टन : तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या.
घोडी : उचललेल्या गाडीखाली ठेवायचा टेकू.

सांगा पाहू

१. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर किती पट होते?
२. पॅडची जाडी नाण्यांनी कशी ओळखाल?
३. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी काय केले पाहिजे? का?
४. घाट उतरताना गाडी न्यूट्रल का करू नये?
५. तुमच्या गावातल्या एखाद्या गाडीच्या ब्रेक ऑइलच्या झाकणावर काय लिहिले आहे? वाचून वहीत लिहा.